बांधाखाली वस्ती नाही

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, आणि ज्याच्याशी माझं वाजलं नाही असा ठेकेदार शोधून सापडायचा नाही. निवृत्तीनंतर पुसदच्या घरी बसून बायकोच्या फोडणीत चुका काढत होतो. एक दिवस एका सल्लागार कंपनीचा फोन आला, तो तिनंच माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "जा ना बाप्पा, बाहेर जाऊन तपासा काय तपासाचं ते."

काम राखेच्या तलावाचं होतं. जिल्ह्यातल्या एका वीज कारखान्यात कोळसा जळतो, त्याची राख पाण्यात कालवून पाइपानं मोठ्या तळ्यात सोडतात, आणि त्या तळ्याला चारही बाजूंनी उंच मातीचा बांध आहे. तिकडचे लोक त्याला राखडीचं तळं म्हणतात. असा बांध तपासताना दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या असतात. बांध किती धड आहे, ही एक. आणि उद्या फुटलाच तर खाली कोणाचा जीव जाईल, ही दुसरी. धोक्याची श्रेणी ठरते ती या दुसरीवरून. बांध कितीही मजबूत असो, खाली शाळा असली की धोका मोठा. बांध पार खचलेला असो, खाली नुसतं पडीक असलं की धोका लहान. मोठा धोका लिहिला गेला तर भोंगा बसवावा लागतो, दरवर्षी बाहेरची माणसं तपासायला येतात, तळ्यातलं पाणी कमी ठेवावं लागतं. लहान लिहिला तर एक कागद फायलीत जातो.

माझ्याकडे ही दुसरी गोष्ट होती. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून तीन दिवस मी बांधाखाली फिरलो. नांगरलेली काळी वावरं, कोरडा नाला, माणूस औषधाला नाही. गाव लांब, उंचावर. नाल्याकाठी चुलीचे काळे पडलेले दगड दिसले, एक तुटकी चप्पल दिसली. दिसली आणि मी पुढे गेलो, कारण ऊन मी म्हणत होतं आणि मला सावली हवी होती. फॉर्मवर लिहिलं, 'बांधाखाली कायम वस्ती नाही.' खाली सही ठोकली. धोका लहान.

सगळे खूश झाले. कारखान्याचा तरुण साहेब, पोरगा भला होता, त्यानं स्वतः चहा आणून दिला. सरपंच तर त्याच्याहून खूश. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बरं केलं साहेब. मोठा धोका लिहिलं असतं तं आमच्या गावात पोरगी कोन देइन?" मीही कॉलर ताठ करून घरी आलो.

दिवाळी झाल्यावर बांधात पुरलेल्या नळ्यांमधली पाण्याची पातळी टिपायला मला परत बोलावलं. सकाळची वेळ होती. बांधावर चढून सहज खाली पाहिलं आणि जागेवरच थांबलो. सगळी वावरं कापसानं पांढरी झाली होती. नाल्याकाठी ओळीनं पालं होती, मेणकापडाची, अकरा मोजली. चुली पेटल्या होत्या. दोन बांबूंच्या मध्ये झोळी टांगली होती आणि ती हलत होती, म्हणजे आत लेकरू होतं.

मी तसाच खाली उतरलो. टोळीची मुकादम एक बाई होती, पन्नाशीची, कमरेला वेचणीची ओटी बांधलेली. उमरखेडच्या पलीकडून दरसाल येतो म्हणाली, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत.

"किती वर्षांपासून?"

"माह्या सासूच्या टायमापासून. हे तळं नव्हतं तवापासून."

"मग मे महिन्यात मी आलो, तेव्हा इथं कोणीच नव्हतं."

ती हसली. "मे महिन्यात इथं काय वेचू सायेब, ढेकळं?"

मी नेरचा. कापसाच्या बाजारात वाढलो, लहानपणी कापसाच्या गंजीवर लोळलो. दिवाळीनंतर वावरात टोळ्या उतरतात हे मला कोणी सांगायची गरज होती का? मुंबईच्या एखाद्या साहेबानं अशी चूक केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. इथं तर मीच गाढव. वस्ती मोजायला मी नेमका तो महिना निवडला होता, ज्यात वस्ती नसते.

"काहून, काय झालं?" तिनं विचारलं.

थाप मारता आली असती. मारली नाही. म्हणालो, "बाई, मी कागदावर लिहून दिलं आहे की इथं कोणी राहत नाही."

तिनं वर बांधाकडे पाहिलं, मग झोळीकडे. "मंग आमी कोन?" एवढंच म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी नोकरीत कधी वाटली नव्हती.

तडक कारखान्यात गेलो. साहेब म्हणाला, "काका, सही तुमचीच आहे. आणि कायम वस्ती नाही, हे आजही खरंच आहे ना? तीन महिन्यांसाठी येतात ते."

मी चिडलो की माझी वऱ्हाडी बाहेर पडते. "बांध काय पंचांग पाहून फुटते का रे? त्या झोळीतल्या लेकराले सांग जाऊन, तू कायम नाही म्हनून." त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "लेखी द्या. मी अडवणार नाही."

लेखी देणं म्हणजे स्वतःच्या सहीखाली स्वतःची चूक लिहिणं. दोन दिवस पेन हातात धरून बसलो. सल्लागार कंपनी पुन्हा काम देणार नाही हे दिसतच होतं, पण खरं भय वेगळं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला लोक काय म्हणतील? शेवटी बायको म्हणाली, "माह्या फोडनीले नावं ठेवता तवा किती लवकर बोलता." त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. 'पाहणी चुकीच्या महिन्यात केली. चूक माझी आहे. हंगामात बांधाखाली अकरा कुटुंबं राहतात.'

राहिला सरपंच. तो ऐकताक्षणी तापला. "गावाची बदनामी होइन. लोकं म्हनतीन, बांध कच्चा हाये."

"ती पालं कोणाच्या वावरात आहेत?" मी विचारलं.

पालं त्याच्याच वावरात होती.

"बरं," तो म्हणाला, "लिहा. पन मोठा धोका म्हंजे काय, ते गावाले तुमी समजवाचं. मी नाही."

ग्रामसभेत मी उभा राहिलो. सांगितलं, घरातला गॅसचा सिलिंडर घ्या. तो मोकळ्या वावरात ठेवला काय आणि लेकरं खेळतात त्या खोलीत ठेवला काय, सिलिंडर तोच. पण खोलीत ठेवला की आपण नळी तपासतो, बटण दोनदा बंद करतो. मोठा धोका लिहिणं म्हणजे तेवढंच. लोकांना पटलं. मला वाटलं होतं त्याहून लवकर पटलं, आणि मी उगीच आवाज चढवून बोललो होतो.

मग नागपूरहून तपासणीची माणसं आली. श्रेणी बदलली. बांधाच्या पायथ्याला एका जागी ओल होती, तिथं दगडाचा थर बसला. तळ्यातलं पाणी उतरवलं. नाल्यापासून टेकाडापर्यंत पायवाट झाली आणि भोंग्याचा खांब उभा राहिला. हिशोब निघाला की बांध फुटला तर गाळ पालांपाशी वीस मिनिटांत पोचेल. सल्लागार कंपनीचा फोन दोन महिने आला नाही. मग आला. तोवर मी फोडणीबद्दल तोंड उघडणं सोडलं होतं.

पुढच्या दिवाळीनंतर टोळी आली तेव्हा भोंग्याचा सराव ठेवला. तरुण साहेब टेकाडावर, मी खाली नाल्याकाठी घड्याळ घेऊन. भोंगा वाजला. बायांनी कापसाची गाठोडी जिथल्या तिथं टाकली, लेकरं कडेवर घेतली आणि सगळी टोळी पायवाटेनं निघाली. मुकादम सगळ्यांत मागे. वर पोचल्यावर ती मोजताना मला खालून दिसत होती. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. मग एकटीच उतारानं परत खाली येऊ लागली.

मी ओरडलो, "बाई, परत जा! वेळ मोजणं चालू आहे."

ती आली ती थेट माझ्यापुढे. धापा टाकत होती. "तुमी काहून इथं उभे, भाऊ? गिनती जमून नाही राह्यली."

"मी तुमच्या गिनतीत नाही."

"कोन म्हनलं? मी धरलं हाये तुमाले." आणि माझा दंड धरून तिनं मला चालतं केलं.

माझे गुडघे जुने. वर पोचलो तेव्हा घड्याळात सव्वीस मिनिटं झाली होती. म्हणजे सराव फसला होता, वीस मिनिटांच्या हिशोबानं मुकादम आणि मी दोघंही गाळाखाली गेलो होतो, आणि कारण मी होतो.

"पुन्हा घेऊ," मी साहेबाला म्हणालो, आणि घड्याळ त्याच्या हातात दिलं.

सगळे खाली उतरलो. दुसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा मी टोळीच्या मधोमध होतो आणि सगळ्यांसोबत पळालो. सतरा मिनिटं लागली. टेकाडावर तिनं बोट फिरवत मोजलं, शेवटी माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "बावन्न. भरले."