साखरपुड्याचा मेकअप आणि जपानी तेल

मित्रहो, जपानी क्लिंझिंग ऑइलने पक्का मेकअपही न घासता निघतो, एवढेच सिद्ध करण्यासाठी लिहीत आहे.

आज मळवलीला माझी भाची पूनम हिचा साखरपुडा होता. ती सकाळपासून नटून बसली होती. दुपारी मुलाकडच्यांचा नकाराचा फोन आला. स्वयंपाक झालेला असल्यामुळे आमचे पाहुणे मात्र जेवून गेले.

पूनमची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणाली, "आक्का, पुसा तिचं तोंड. मला न्हाई बघवत."

पूनमसाठी भेट म्हणून नेलेली तेलाची बाटली मी उघडली. हे तेल कोरड्या चेहऱ्यावरच लावायचे असते. आधीच पाणी लागले, तर ते दुधासारखे पांढरे होऊन वाया जाते. पूनमचे अश्रू थांबत नव्हते. मी म्हणाले, "आधी रडणे थांबव, नाहीतर तेल चालणार नाही."

ती थांबली. मेकअप पूर्ण निघाला, त्वचा लालही झाली नाही.

"निघालं का सगळं?"

"हो."

"मग आता रडू का, मावशी?"

विधान सिद्ध झाले आहे. रडण्यासाठी तिला माझी परवानगी मागावी लागली, ही चूक माझी.

— शकुंतला, लोणावळा