गिळलेली दाद

ओठांवर बोट ठेवायचं, डोळे बारीक करायचे आणि समोरचा गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात गाणं चालू असताना कोणी कुजबुजलं, की आमचे काका हे करायचे. एक काकू मला म्हणाल्या होत्या, "गाणं ऐकायला आलोय की पेपर लिहायला?" तुम्ही पाहिलं असतंत, तर तुम्हालाही ते खडूसच वाटले असते.

पण हा माणूस मूळचा मिरजेचा, गाण्यात चांगली जागा आली की "वा" आपोआप तोंडातून निघणारा. ते बोट त्यांच्या ओठांवर दुसऱ्याच कोणीतरी ठेवलं होतं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

तो आमचा जर्मन साहेब. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत काका आणि मी त्याच्या हाताखाली होतो. तो चेलो, म्हणजे मांडीशी धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवायचा आणि दर हिवाळ्यात मित्रांना घेऊन घरी मैफल करायचा. आम्हाला पहिल्यांदा बोलावलं, तेव्हा काकांच्या तोंडून खणखणीत "वा" गेलं. साहेबाने गज खाली ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्याकडे म्युझिक म्हणजे थिंकिंग. कोणी थिंक करत असताना मध्ये ओरडत नाहीत." पाहुणे हसले. काका उरलेला वेळ मान खाली घालून बसले.

परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "याला बघून घेतो."

बघून घ्यायचं म्हणजे काय, तर काका जर्मन शिकायला लागले. जवळच्या ॲन आर्बरला जाऊन युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसायचे, कॉन्सर्ट ऐकायचे. मला म्हणायचे, "अरे, यांचे फिलॉसॉफर संगीताला सगळ्या कलांच्या वर बसवतात. शब्द संपले की पुढचं काम संगीताचं. हॉलमध्ये ही माणसं चर्चमध्ये बसावं तशी बसतात, सगळे भाग वाजवून संपेपर्यंत टाळीसुद्धा नाही. आपण त्याच्या देवळात चप्पल घालून गेलो."

"मग चूक आपलीच ना, काका?"

"चूक माझीच. पण चारचौघांत सांगायची नव्हती."

एकदा खुशीत येऊन म्हणाले, "बरोबर आहे म्हणायला हे लोक 'श्टिम्ट' म्हणतात. वाद्य लावण्याचा शब्द तोच. हिशेब जुळला तरी यांचा सूरच जुळतो. अशा माणसाशी भांडायचं तर सुरातच भांडायला हवं." साहेबाचा विषय निघाला की शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "माझं लक्ष आहे."

साहेब रिटायर झाला, तेव्हा त्याने शेवटची मैफल केली. पहिला भाग संपला आणि अमेरिकन पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खुशीने अर्धवट उठला, वाकायला लागला. काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले, "विचार अजून संपलेला नाही." टाळ्या थांबल्या. याच क्षणाची आम्ही वाट पाहत होतो.

साहेब लाल झाला, मग मनापासून हसला. "पाहा," तो सगळ्यांना म्हणाला, "इथे हा एकटाच नीट ऐकतो. तुला हे कोणी शिकवलं?"

त्याला काही आठवतच नव्हतं. काकांचा चेहरा उतरला. मला तर तो चेलो उचलून आपटावासा वाटला.

मग संथ भाग सुरू झाला. मध्येच काकांचा हात मांडीवरून उचलला गेला, मान वर आली आणि ओठ घट्ट मिटले.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "काय जागा घेतली रे त्याने. वा अगदी गळ्यापर्यंत आलं होतं."

"मग?"

"गिळलं. त्याच्या हक्काचं होतं, म्हणूनच दिलं नाही."

ते हसले. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. फ्युनरल होममध्ये साहेब आला होता. आता वाकलाय, काठी घेऊन चालतो. सगळे पांगल्यावर त्याने मला बाजूला घेतलं.

"त्या शेवटच्या संध्याकाळी मी जसं वाजवलं, तसं आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं," तो म्हणाला. "इतरांचं कौतुक सोड. त्या खोलीत कळणारा तो एकटाच होता. तो मला काहीच बोलला नाही. तुला गाडीत काही म्हणाला का?"

तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"नाही," मी म्हणालो. "रस्त्यावर बर्फ फार होता. त्याबद्दलच बोललो आम्ही."

त्याने मान हलवली. मी अदबीने त्याच्यासाठी दार उघडून धरलं.