नाही न म्हणणारे फणसे साहेब

फणसे साहेबांना 'नाही' म्हणता येत नसे. कुणाला पोहता येत नाही, कुणाला शिट्टी वाजवता येत नाही, तसं. मी पहिल्यांदा त्यांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते पोह्यांवर शेव घालत होते आणि समोर बसलेले एक अधिकारी त्यांना पटवत होते, की नव्या पोर्टलच्या पहिल्या पानावर रोज एक सुविचार यायला हवा. साहेबांनी शेवेची आणखी एक मूठ सोडली आणि इंदुरी हिंदीत म्हणाले, "डाल दो, भिया. जगह बहुत है." हे शेवेबद्दल नसून पोर्टलबद्दल होतं, हे मला जरा उशिराच कळलं. मग माझ्याकडे वळून मराठीत, "ये बेटा, बस. तू कंपनीवाली ना? सुविचार लिहून घे. पण आधी पोहे खा, थंडे होऊन राहिले." अशा रीतीने एका राज्यव्यापी प्रकल्पाची पहिली गरज नोंदवली गेली.

प्रकल्पाचं नाव 'सर्वसाक्षी'. दिव्यांगांना, वृद्धांना, निराधारांना लागणारे दाखले यापुढे घरबसल्या मिळणार होते. तोवर इंदूरच्या कार्यालयात त्यासाठी एक खिडकी होती. माणूस रांगेत उभा राहायचा, बाबू कागद तपासायचे, शिक्का मारायचे, माणूस दाखला घेऊन घरी जायचा. म्हणजे काम चालू होतं. चालू काम बंद पाडायला मोठी यंत्रणा लागते, म्हणून आमची कंपनी नेमली होती. मी तिथे बिझनेस अ‍ॅनालिस्ट होते. लोकांना काय हवं ते विचारायचं आणि नंतर त्यांना स्वतःलाच ओळखू येणार नाही अशा भाषेत ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. फणसे साहेब सरकारच्या बाजूचे नोडल अधिकारी. ज्याला जे हवं ते त्याने साहेबांना सांगायचं, आणि साहेबांनी आम्हाला.

त्यांच्या हो म्हणण्याला खानदानी आधार होता. पणजोबा संस्थानात पाहुण्यांच्या सरबराईवर होते. "आमच्या खानदानात नाही म्हणायची पोस्टच नव्हती, बेटा," ते सांगत. माझे आजोबा महूच्या पलटणीत होते. आमच्या घरी हो आणि नाही, दोन्ही ताठ उभं राहून खणखणीत म्हणायची पद्धत. त्यामुळे साहेबांचं हे गुळचट होकारणं मला सुरुवातीला फार खुपायचं. एकदा विचारलंच, तुम्हाला कुणाचा रागबिग येत नाही का?

तेव्हा त्यांनी मनातलं सांगितलं. "नोकरीत माणसाला दोनच गोष्टी मिळतात. बदली नि विदाई. बदली आपल्या हातात नाही. विदाई आहे." त्यांच्या एका वरिष्ठांच्या निरोप समारंभाला अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. माणूस कडक होता, कामाला चोख होता, आणि शेवटी हार गळ्यात घालून रिकाम्या खुर्च्यांसमोर भाषण करत होता. ते दृश्य साहेबांच्या डोक्यातून जात नव्हतं. "माझ्या विदाईला एक खुर्ची खाली नको राहायला. सचिव साहेबांपासून चपराश्यापर्यंत सगळे. राजवाड्याजवळ हॉल, नि सराफ्याच्या खाऊगल्लीतून गरमागरम जलेबी." एवढ्याचसाठी हा गृहस्थ उभी नोकरी कुणालाही न दुखावता काढत होता. मला हसू आलं, आणि मग ते आवडायला लागले.

पण न दुखावता पोर्टल बनत नाही. सुविचारानंतर हवामान आलं. मग अधिकाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. एका सचिवांना सगळं निळं हवं होतं. त्यांची बदली झाली आणि नवे आले, त्यांना निळ्या रंगात मागच्या सचिवांचा वास यायचा. सगळं भगभगीत हिरवं झालं. तिसऱ्यांनी चेहरा ओळखायची सोय मागितली. अर्जदार खरोखर जिवंत आहे हे कळावं म्हणून त्याने कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावावेत. मी म्हटलं, साहेब, हे दिव्यांगांचं पोर्टल आहे, ज्यांना दिसत नाही तेही येणार. फणसे साहेबांनी लगेच तोडगा काढला. "मग त्यांच्यासाठी अलग बटन डाल दो," म्हणाले. ते बटण आमच्या कंपनीने बनवलं. बारीकसं, स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, हिरव्यावर हिरवं.

खरी गंमत टेबलांची होती. पूर्वी अर्ज ज्या ज्या टेबलावरून फिरायचा, त्यातलं एकही टेबल हटायला तयार नव्हतं. कॉम्प्युटर येवो, उपग्रह येवो, माझी सही राहिली पाहिजे. साहेबांनी सगळ्यांना होकार दिला, म्हणून अर्ज आता ऑनलाइन भरला जाई, मग छापला जाई, टेबलाटेबलावर सही होऊन परत स्कॅन केला जाई आणि शेवटी, सगळं डिजिटल आहे ना हे तपासायला नेमलेल्या नव्या टेबलावर जाई. मी चिडून म्हटलं, याच्यापेक्षा खिडकी काय वाईट आहे? साहेबांनी माझ्यापुढे चहा सरकवला. "बेटा, कोणाला पोर्टल नको असं नाही. कोणाला आपली खुर्ची सोडून उठायचं नाही, बस. मी त्यांना उठा म्हणू का? माझ्या विदाईला येतील का ते मग?"

लोकार्पणाची तारीख मंत्रीजींच्या सोयीने ठरली. पोर्टलची सोय कुणी विचारली नाही, आणि त्यालाही तोंड नव्हतं. इंदूरच्या लालबागच्या मैदानावर मेळा होता, तिथेच मंडप घातला. आत एक लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये नुसती चित्रं होती. मंत्रीजींनी कुठेही बोट ठेवलं तरी पुढचं चित्र यायचं. पहिला डिजिटल दाखला द्यायला एक खराखुरा लाभार्थी हवा होता. खिडकीच्या रांगेतून गेंदाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंना गाडीत घालून आणलं. त्यांच्या नातवाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांची तपासणी झाली होती, फक्त दाखला मिळायचा होता. तो मिळाला की मुलाला मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. मंत्रीजींनी त्यांच्या हातात दाखला ठेवला, फोटो निघाले, फणसे साहेबांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. गेंदाबाई रडल्या. तो फोटो अजून आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकावर आहे.

थोड्याच दिवसांत गेंदाबाई साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. दाखल्यावर आडवं, फिकट अक्षरांत 'नमुना' छापलेलं होतं. शाळेने तो परत केला होता. पोर्टलवर बघितलं तर त्यांचा अर्ज 'निराकृत', म्हणजे निकालात निघालेला. दाखला मिळालेला असल्यामुळे पुन्हा अर्ज करता येत नव्हता, आणि मिळालेला दाखला दाखला नव्हता. गेंदाबाई चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "साब, म्हारे से कंई गलती हुई गी?"

साहेब उठले. गेंदाबाईंचा हात धरून ते त्यांना खिडकीवर घेऊन गेले आणि बाबूंच्या शेजारी उभं राहून जुन्या पद्धतीने दाखला करून दिला. पोरगं वसतिगृहात गेलं. परत आले तेव्हा टेबलावर पोहे होते, त्यांनी शेवेला हात लावला नाही. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना नुसते पोहे खाताना पाहिलं.

नेमकी त्याच आठवड्यात सचिवांची बैठक लागली. पोर्टलवर अर्ज येत नव्हते, कारण लोक अजून खिडकीवर जात होते, आणि लोक खिडकीवर जात होते कारण तिथे दाखला मिळायचा. या अन्यायावर सचिवांनी उपाय काढला होता. खिडकी बंद करायची. मग लोक जातील कुठे? आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी ही कल्पना क्रांतिकारक असल्याचं सांगितलं. सगळ्या माना फणसे साहेबांकडे वळल्या, नेहमीच्या होकारासाठी.

साहेब उभे राहिले. त्यांचा आवाज जरा चिरका निघाला, सवय नव्हती ना. "नहीं, सर. खिड़की बंद नहीं होगी. पहले पोर्टल से एक सच्चा दाखिला निकल जाए, फिर बंद करेंगे."

कुणीतरी एसी बंद झाला का म्हणून वर बघितलं. सचिवांनी अत्यंत गोड आवाजात त्यांचे आभार मानले. साहेबांच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता, आणि त्यांची बदली 'प्रशासकीय कारणास्तव' इंदूरबाहेरच्या बेटमा या लहान गावी झाली. इंदूरची खिडकी बंद झाली. 'सर्वसाक्षी'ला उत्तम कारभाराचं पारितोषिकही मिळालं, आणि पोर्टल चालत नसल्यामुळे त्याची पुढची आवृत्ती बनवायचं काम आमच्याच कंपनीकडे आलं.

बेटम्याच्या छोट्या कार्यालयात मात्र एक अडचण निघाली. तिथे नेट नव्हतं. जिथे नेट नाही तिथे जुनी पद्धत चालू ठेवावी, असं फर्मान होतं. फणसे साहेब वर कळवत राहिले, 'नेटवर्क अनुपलब्ध'. ते खरंच होतं, कारण केबल ओढायला आलेल्या माणसाला त्यांनी चहा पाजून, पोहे खाऊ घालून, दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. त्यालासुद्धा ते नाही म्हणाले नाहीत. हळूहळू इंदूरचे लोक बसने बेटम्याला जाऊ लागले. देशातल्या सगळ्यांत स्वच्छ म्हणवल्या जाणाऱ्या शहरातली माणसं एका शिक्क्यासाठी धार रोडवर धूळ खात निघाली.

त्यांची विदाई बेटम्यातच झाली. राजवाड्याजवळचा हॉल राहूनच गेला. कार्यालयाच्या आवारात शामियाना होता, खुर्च्या हौसेने मांडल्या होत्या, जलेबी मात्र त्यांनी इंदूरहून मागवली होती. सचिव आले नाहीत. ज्यांची टेबलं त्यांनी वाचवली, ज्यांचा सुविचार, ज्यांचं हवामान, ज्यांचे वाढदिवस त्यांनी पोर्टलमध्ये घातले, त्यातलंही कुणी आलं नाही. मी होते, बेटम्याचे चार-दोन कर्मचारी होते. साहेब हार घालून समोर बसले होते आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. एका माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती आणि ती इतकी साधी होती.

खिडकीची रांग शामियान्याच्या कडेने उन्हात उभी होती. काठी टेकलेले, लेकराला कडेवर घेतलेले, कुणी कुबड्यांवर. साहेबांनी चपराश्याला हाक मारली. "इन सब को धूप में काहे को खड़ा रखा है? अंदर ले लो, भिया. जगह बहुत है."

रांग आत आली आणि खुर्च्यांवर बसली. एकही रिकामी राहिली नाही. शेवटी माझी मी एका आजोबांना दिली. कार्यक्रम कसला आहे हे बहुतेकांना माहीत नव्हतं, पण जलेबी गरम होती आणि समोर हारवाले साहेब होते, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब भाषणाला उठले. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी, कागदांची पिशवी छातीशी धरून, काळजीने म्हणाली, "साब, आज तो जलसो है. तो म्हूं कल आऊं कंई?"

"नहीं," फणसे साहेब म्हणाले. या वेळी आवाज चिरका नव्हता. "कल नहीं, माई. आज."

त्यांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि खिडकीवर जाऊन बसले.