सायलसच्या उशाशी पाहुणा

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यामागे चित्रांचं एक दुकान होतं आणि त्या दुकानात डॉर्कस विगॉट सव्वीस वर्षं लोकांचे गाल रंगवत आली होती. तांब्याच्या पत्र्यावरून नुसत्या काळ्या रेघा छापून यायच्या, मग लांब टेबलाशी बसलेल्या पाचजणी त्यांत रंग भरायच्या. एकीकडे निळा, एकीकडे हिरवा, आणि तांबडा डॉर्कसकडे. सरदारांची नाकं, पाद्र्यांचे गाल, सगळं तिच्या कुंचल्याखालून गेलेलं.

सर्वांत जास्त खपे ती मरणाची थट्टा. वैद्याचा टोप घालून आलेला सांगाडा, मेजवानीत खुर्ची ओढून बसलेला सांगाडा. बायका त्याला ‘पाहुणा’ म्हणत. त्याला रंग लागत नसे, कागद कोरा सोडला की पाहुणा तयार. “एवढं एकच गिऱ्हाईक गुणी,” डॉर्कस म्हणे, “कसली फर्माईश नाही.”

ही चित्रं कोरायचा जेथ्रो स्ट्रड. दर रविवारी तो डॉर्कसकडे चहाला येई आणि केकची करपलेली कड हक्कानं मागून घेई. तिचा नवरा सायलस टेम्सवर होडी चालवायचा. त्याच्या पोटात पाणी झालं, तेव्हा जेथ्रो रोज येऊन बसू लागला. मांडीवर कागद.

“काय काढतोस रे?”

“तुझ्यासाठी आठवण,” तो म्हणाला. डॉर्कसला भरून आलं.

त्यातच शेजारणीनं सुतकाची काळी टोपी आणून दिली. होत नसेल तर उद्याच परत हवी, दुसऱ्या घरीही माणूस अंथरुणाला होतं. डॉर्कसनं ती लपवली, पण सायलसनं पाहिली. “घालून तर बघ,” तो म्हणाला, “मी आहे तोवर सांगतो, कशी दिसतेस ते.” ती आरशासमोर उभी राहिली. “मागून फार उंच बसतेय गं. होडीला शीड लावल्यासारखी.” जेथ्रोसकट तिघंही हसली, सायलस तर खोकला लागेपर्यंत. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पाच महिन्यांनी टेबलावर नवं चित्र आलं, ‘विधवेची तालीम’. पाहुणा एका पोट फुगलेल्या म्हाताऱ्याला पाय धरून रजईतून ओढतोय आणि बायको पाठ फिरवून आरशात टोपी बघत हसतेय. या चित्रांत कुत्र्याच्या तोंडालासुद्धा फुगा काढून शब्द लिहायची रीत. म्हाताऱ्याच्या तोंडाला फुगा नव्हता.

“जेथ्रो, ही रजई माझी आहे.”

“रजया सगळ्यांकडे असतात.”

“डाव्या कोपऱ्यातलं ठिगळही?”

“अगं, पण तुला दहा वर्षांनी तरुण काढलंय.”

“सायलसनं काय म्हटलं होतं, ते कुठंय?”

जेथ्रो नखातली शाई टोकरत राहिला. “ते घातलं तर लोकांना हसायला काय उरतं?”

पहिली प्रत डॉर्कसनं रंगवायची आणि तीच नमुना धरून बाकीच्यांनी चालायचं, असा दुकानाचा शिरस्ता. तिनं त्या बायकोचे गाल कोरे ठेवले, पाहुण्यासारखेच. सगळा तांबडा डोळ्यांत घातला, रडून रडून सुजल्यासारखा. बाकीच्यांनी नमुन्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आपापले रंग भरून दोनशे प्रती तांबड्यासाठी तिच्याकडे सरकवल्या.

सोमवारी चित्र खिडकीत लागलं. डॉर्कस गर्दीत मागे उभी राहिली. एक हमाल सोबत्याला समजावून देत होता, “डोळे बघ ना तिचे. कांदा चोळलाय बयेनं.” अख्खी गर्दी खिदळली. आत मालक खूश होते. “आणखी दोनशे करा, डॉर्कसबाई. डोळे असेच हं, फक्कड सुचलंय.”

चारशे जोड डोळे तिनंच तांबडे केले.

रविवारी जेथ्रो आला, आपली हॅट हातात धरून दारातच घुटमळला. डॉर्कसनं त्याला आत घेतलं, चहा ओतला, करपलेली कडही कापून दिली. तो हळूच बसला, सायलसच्या रिकाम्या पलंगाकडे तोंड करून, नेहमीसारखा.

“हात मांडीवर नको, टेबलावर ठेव,” ती म्हणाली. “दोन्ही.”

“अगं, मग चहा कसा पिऊ?”

“ते तुझं तू बघ.”