पापड, धोतरं आणि मंत्र्यांचं विमान

माझ्या आईनं एकदा मंत्र्यांचं विमान जवळजवळ आमच्या विहिरीत उतरवलं. दोष तिचा नव्हता, पण हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. शहाद्याजवळच्या आमच्या गावाबाहेर एक मैदान सपाट करून तिथं ते छोटं विमान उतरायचं होतं. वैमानिकाला जागा कळावी म्हणून पांढऱ्या कापडाची खूण अंथरली होती. एक उभी पट्टी, तिच्या डोक्यावर एक आडवी. कचेरीतून हुकूम आला : आसपास दुसरं काहीही पांढरं दिसता कामा नये, मोडेल त्याला सहा महिने कैद. अंमलबजावणी पोलीस पाटलाकडे, म्हणजे माझ्याकडे. वय पंचवीस. मिशी नवी, अधिकार त्याहून नवा.

मी दवंडी पिटवली, "धाब्यावर पांढरं काही वाळत घालायचं नाही!" (धाबं म्हणजे आमच्या घरांचं मातीचं सपाट छप्पर.) तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून घरोघर वाळत पडलेली धोतरं गोळा करून आमच्या ओसरीवर आणून टाकली. निम्मं गाव चड्डीवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारसाहेबांशेजारी ताठ उभा होतो. विमान आलं, एक घिरटी घातली आणि मैदान सोडून भलतीकडेच खाली येऊ लागलं.

"पाटील, ते कुठं चाललंय?" फौजदार म्हणाले.

मी पाहिलं. ते आमच्या वावरात चाललं होतं. कपाशी काढून मोकळ्या झालेल्या वावरात धोतरांची लांबलचक उभी रांग होती, निंबाजवळ आडवी रांग, आणि त्या दोन्हींच्या पुढं आमची बिनकठड्याची विहीर.

मी धावलो. पाठोपाठ फौजदार. निंबाजवळ आई शांतपणे धोतरांवरचे पापड उलटत होती. बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं.

"माय, काय करी ऱ्हायनी?"

"दखाई नही ऱ्हायनं का? पापड शेतस."

वावरभर हात फिरवत मी विचारलं, "आठे कसाले?"

"धाबावर नको, तूच सांगं ना. म्हनीसन वावरमा आनात. इतला धोतरं घरमा पडेल व्हतात."

मी दोन्ही हातांनी धोतरं ओढत सुटलो. पापड उडाले, आई ओरडली, डोक्यावरून घरघराट गेला आणि धुळीत काही दिसेना. डोळे उघडले तेव्हा विमान पुन्हा वर चढलं होतं. थोड्या वेळानं ते मैदानात नीट उतरलं.

फौजदारांनी खिशातून हुकूम काढला. "सहा महिने. बोला, हे कुणी घातलं?"

तुरुंग डोळ्यांपुढं आला. बहिणीच्या लग्नात मी नसणार, पाटीलकी जाणार. माझं बोट आपोआप उठलं, आणि खोटं कशाला सांगू, ते आईकडे वळलं.

आईनं पदर सावरला. "हा, मी घालात. मालेच ली जा. त्याना हातवर बहीनन्हं लगीन शे."

फौजदारांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. हुकूम घडी करून खिशात ठेवला. "मावशी, कुणाला नेत नाही. तुम्हाला नेववत नाही, आणि याला नेलं तर आमचे कैदी तक्रार करतील."



गुन्हा डोळ्यांदेखत घडूनही ज्याला तुरुंगानं नाकारलं, असा पोलीस पाटील आमच्या भागात मी एकटाच.