ओढ घालू कुठून?

भिजलेल्या गोणपाटाचा आणि कांद्याचा वास एकत्र आला की मला बंगळूरमधलं यशवंतपूर आठवतं. नव्वदच्या दशकात तिथल्या बाजारातल्या एका गोदामाच्या माडीवर आमचं मराठी मंडळ भरायचं. गणपतीत निघणाऱ्या स्मरणिकेत प्रत्येकाने गावाच्या विरहावर लिहायचं, असा रिवाजच पडला होता. मी मात्र लिहिलं, की सुट्टीत पुण्याला माहेरी गेले आणि दोन-चार दिवसांतच मला बंगळूरच्या घराची, भिंतीपलीकडून येणाऱ्या शेजारच्या अक्कांच्या हाकेची आठवण यायला लागली. संपादकांनी चष्मा काढला. "वहिनी, लिहिलंय छान, पण शेवटी पुण्याची ओढ स्वल्प घाला, थोडीशीच. लोक दुखावतील." मी म्हटलं, "वाटलीच नाही, तर घालू कुठून? नसेल छापायचं तर परत द्या." त्यांनी नाखुशीनेच छापलं आणि कार्यक्रमात मलाच वाचायला उभं केलं. वाचून संपलं तरी कुणी टाळी वाजवेना. माझे कान तापले. तेवढ्यात मंडळातल्या सगळ्यांत जुन्या काकू म्हणाल्या, "सरी लिहिलंस गं, अगदी बरोबर. मी दरवर्षी विरहावर लिहिते, आणि पुण्यात पोचले की परतीच्या गाडीची वाट बघते!" सगळी माडी हसली, मग टाळ्या थांबेनात. पुढच्या वर्षी संपादकांनी स्वतःचा लेख छापण्याआधी माझ्यापुढे ठेवला. "वहिनी, कुठे खोटं वाटतंय का, बघा." नंतर माझी पुस्तकं आली, सत्कारही झाले, पण मान इतकी ताठ पुन्हा कधी झाली नाही.