भिंतीपलीकडची नळी

पानेवाल्यांच्या गॅरेजच्या मधोमध एक भिंत आहे. ती बांधताना विटांपेक्षा राग जास्त लागला होता. अलीकडे पानेवाले, म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे थोरले. पलीकडे नळीवाले, म्हणजे हायड्रॉलिकच्या नळ्या बनवणारा त्यांचा धाकटा भाऊ. भांडण नेमकं कशावरून झालं हे आता दोघांनाही धड आठवत नाही. बोलायचं नाही, एवढं मात्र दोघांच्या पक्कं लक्षात आहे.

दोन्हीकडे ये-जा असलेली एकच, पानेवाल्यांची मुलगी. ती नर्स आहे. जुनी जीप घेऊन डोंगरातल्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जाते. मध्यंतरी एकदा ओढ्याच्या चिखलात जीप रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत ही चाकाशी हताश बसून राहिली, आणि वर वस्तीत बाई एकटीच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण वाचली खरी, पण पोरीच्या घशाखाली घास उतरेना. बापाचं काळीज तुटलं.

"जीपला विंच बसवतो, दोर गुंडाळणारं यंत्र," ते म्हणाले. "समोर दिसेल त्या झाडाला दोर बांधायचा आणि स्वतःची गाडी स्वतः ओढून काढायची. कोणाची वाट बघायला नको."

विजेवरचा विंच त्यांनी सहज बसवला असता. पण पाण्यात अडकलेल्या गाडीची बॅटरी कशी मान टाकते, हे त्यांनी पाहिलं होतं. हायड्रॉलिक विंचला जोर मिळतो तो स्टिअरिंगच्या पंपातल्या तेलाचा. इंजिन सुरू आहे तोवर तो ओढत राहतो. म्हणजे नळ्या आल्या. म्हणजे भिंतीपलीकडचा आला.

"दुसरा कोणी नळीवाला नाही का?" त्यांनी विचारून पाहिलं.

"आहेत की. पण भर ओढ्यात मी कोणाच्या नळीवर भरवसा ठेवू, तुम्हीच सांगा बाबा."

पानेवाले आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "काकाला माप नेऊन दे."

त्यांनी पुढचा बंपर कापला, जाड पत्र्याची बैठक करून ती गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी आवळली आणि तिच्यावर विंच चढवला. नळ्या आल्या त्या अगदी मापात. एकीला लाल टेप होती आणि सोबत तोंडी निरोप, की लाल नळी विंचच्या मोटरच्या डावीकडे जोडायची. पानेवाल्यांनी मनातल्या मनात भावाला दाद दिली. तोंडाने फक्त "बरंय" म्हणाले.

चाचणी गॅरेजमागच्या उतारावर. दोर वरच्या खांबाला बांधलेला, मुलगी स्टिअरिंगवर, ब्रेक सोडलेला. पानेवाल्यांनी विंचचा दांडा ओढायच्या बाजूला सारला. दोर गुंडाळायचा सोडून भराभर सुटायला लागला आणि जीप मागच्या नाल्याकडे घसरू लागली. दांडा हातात असूनही पानेवाल्यांना काही सुचेना.

"ब्रेक दाब, पोरी! ब्रेक!"

आरोळी नळीवाल्यांची होती. मोटरच्या आवाजावरूनच काय ते ओळखून ते भिंतीला वळसा घालून अनवाणी धावत आले होते. मुलीने ब्रेक दाबला. नळीवाल्यांनी दांडा मधोमध आणला आणि वाकून नळ्यांकडे पाहिलं. त्या उलट जोडल्यामुळे मोटरच उलटी फिरली होती.

"बाबांना विचार, डावी कुठून धरली?"

"काकाला सांग, गाडीत बसून. गाडीची डावी म्हणजे चालवणाऱ्याची डावी."

"बाबांना सांग, विंच बसवणारा गाडीसमोर उभा असतो."

वडिलांच्या हाताखाली शिकताना थोरला आत बसून पेडल दाबायचा आणि धाकटा बॉनेटसमोर उभा राहून बघायचा. दोघांच्या डाव्या बाजू तेव्हापासूनच वेगळ्या.

"माझी डावी कुठली ते एकदाचं ठरवा," मुलगी म्हणाली. "ही जीप घेऊन ओढ्यात मला जायचंय."

दोघेही खजील झाले. नळीवाल्यांनी नळ्यांची अदलाबदल केली, सांडलेलं तेल पुसलं. या खेपेला जीप निमूट वर चढली. नळीवाले आले तसे परत गेले, भावाकडे न बघता.

त्याच आठवड्यात वस्तीवरून बोलावणं आलं. मुलगी सकाळीच जीप घेऊन गेली आणि पानेवाल्यांचा जीव टांगणीला लागला. एका स्कूटरचं चाक त्यांनी काढलं, बसवलं आणि कशासाठी काढलं ते विसरून पुन्हा काढलं. शेवटी एकदाचा फोन वाजला.

"बाबा, रुतले होते हो. पण विंचने निघाले. मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत."

पानेवाल्यांचे डोळे भरून आले. हे आत्ताच्या आत्ता कोणाला तरी सांगायला हवं होतं, आणि कोणाला, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पाना उचलून भिंतीवर ठोकला.

"अरे, निघाली रे आपली पोर!"

पलीकडून लगेच उत्तर आलं, अगदी विटेला कान लावल्यासारखं जवळून.

"ऐकलं, दादा. सकाळपासून इथंच टेकून बसलोय."